चार जीबीत मावेल तेवढं

लॅपटॉपवर मशीन लर्निंगचं ट्रेनिंग लावायचं तर काय काय करावं लागतं, असं आजच्या पोरांना विचारलं तर दोन ओळींत उरकतात. एन्व्हायर्नमेंट बनवायचं, पिपने पायटॉर्च टाकायचं, झालं. या दोन ओळींच्या मागे दीड दशकाची हकीकत आहे आणि तिचा बराचसा भाग माझ्या टेबलावरून गेलाय.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटरची लॅब सांभाळते, २००९ पासून. पद लॅब असिस्टंटचं. मुलं मॅडम म्हणतात, ऑफिसातले 'लॅबवाल्या बाई' म्हणतात. नेमणूक पत्रात पीसी, प्रिंटर आणि डेडस्टॉक रजिस्टर एवढंच आहे, मुलांच्या लॅपटॉपचा त्यात उल्लेख नाही. पण शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टचं ट्रेनिंग रात्रभर चालतं आणि आमची लॅब साडेपाचला कुलूपबंद होते. मग लॅपटॉपशिवाय पोरं जाणार कुठे, आणि लॅपटॉप अडला की माझ्याशिवाय कुणाकडे?

सुरुवातीच्या काळात अडत नसे, हे आधी सांगायला हवं. मी लागले तेव्हा आमच्याकडे या विषयाला 'डेटा मायनिंग' म्हणत आणि सगळा कारभार वेकावर चाले. न्यूझीलंडच्या वायकाटो विद्यापीठात तयार झालेलं हे सॉफ्टवेअर जावात लिहिलेलं, म्हणून कुठल्याही डबड्यावर चालायचं. त्यातली आयरिस फुलांची फाइल दीडशे ओळींची. बटण दाबून हात उचलायच्या आत उत्तर हजर. २०११ च्या शेवटाला स्टॅनफर्डच्या अँड्र्यू एन्ग यांचा मशीन लर्निंगचा मोफत ऑनलाइन कोर्स आला, लाखभर लोकांनी नाव नोंदवलं, आमच्या दोघा-तिघा हुशार पोरांनीही. त्यातला न्यूरल नेटवर्कचा स्वाध्याय मला अजून आठवतो: हाताने लिहिलेल्या आकड्यांची पाच हजार चित्रं, प्रत्येक वीस बाय वीस पिक्सेल, मधल्या थरात २५ युनिट. ऑक्टेव्ह नावाच्या फुकट सॉफ्टवेअरवर ते कुणाच्याही लॅपटॉपवर काही मिनिटांत उरकायचं. हा योगायोग नव्हता. ज्याच्याकडे जे मशीन आहे त्यावर व्हावं म्हणूनच कामाचा आकार तेवढा ठेवला होता. हा कोर्स गाजण्याचं निम्मं श्रेय मी त्या वीस बाय वीसला देते.

आमच्या भागात लॅपटॉपची पत वाढली ती मात्र भारनियमनामुळे. दिवसाचे कित्येक तास वीज नसायची. लॅबचा यूपीएस पीसी नीट बंद करण्यापुरता. लॅपटॉपची बॅटरी दोन तास तग धरायची, तेवढ्यात स्वाध्याय पुरा. डेस्कटॉप कितीही दणकट असला तरी वीज गेली की सगळं मुसळ केरात.

इकडे हे चालू असताना खरी उलथापालथ वेगळ्याच दुकानात झाली होती. नोव्हेंबर २००६ मध्ये एनव्हिडियाने ८८०० जीटीएक्स हे गेम खेळण्याचं कार्ड काढलं आणि २००७ मध्ये त्यावर साधे हिशेब करता यावेत म्हणून कुडा नावाची व्यवस्था दिली. त्याआधीही कार्डावर हिशेब करणारे होते, पण त्यांना आपला हिशेब चित्रं रंगवण्याच्या भाषेत वेष पालटून घुसवावा लागे. कुडाने सरळ सी भाषेसारखं लिहायची सोय केली. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला कळीचा निर्णय पुढचा: ही सोय महागड्या व्यावसायिक कार्डांपुरती ठेवली नाही, जीफोर्सच्या प्रत्येक कार्डात दिली, अगदी ८६००एम सारख्या लॅपटॉपच्या चिपमध्येही. गेमसाठी घेतलेल्या मशीनवर संशोधकाचं काम करता येतं, ही वाट तिथे उघडली. त्या वेळी तिचा उपयोग कुणाला फारसा ठाऊक नव्हता, कंपनीचे भागधारक तर या खर्चावर कुरकुरतच होते.

लॅपटॉपच्या नशिबी मात्र पहिलीच ठेच उष्णतेची. त्या काळातल्या एनव्हिडियाच्या लॅपटॉप चिपा मोठ्या संख्येने बंद पडू लागल्या. चिप तापते, थंड होते, पुन्हा तापते, आणि तिच्या जोडणीचं साहित्य त्या ताणाला टिकत नाही. जुलै २००८ मध्ये कंपनीने त्यापोटी १५ ते २० कोटी डॉलरची तरतूद जाहीर केली. ट्रेनिंग हा तर तापवण्याचाच उद्योग आहे. गेम खेळणारा जेवायला उठतो, ट्रेनिंगचे फेरे म्हणजे एपॉक उठत नाहीत.

२००९ मध्ये स्टॅनफर्डचेच रजत रैना, आनंद माधवन आणि अँड्र्यू एन्ग यांनी दाखवून दिलं की अशा कार्डावर ट्रेनिंग नेहमीच्या प्रोसेसरपेक्षा सत्तरपटीपर्यंत वेगाने होऊ शकतं. तरी गाजावाजा झाला तो २०१२ मध्ये. टोरांटोचा अ‍ॅलेक्स क्रिझेव्हस्की आईवडिलांच्या घरी, आपल्या झोपायच्या खोलीत दोन जीटीएक्स ५८० कार्डांवर पाच-सहा दिवस एक नेटवर्क ट्रेन करत होता. बारा लाख फोटो, हजार प्रकार, सहा कोटी पॅरामीटर. इमेजनेटच्या स्पर्धेत पहिल्या पाच अंदाजांतली त्याची चूक १५.३ टक्के आली, दुसऱ्या नंबरची २६.२. ही गोष्ट सगळे सांगतात, पण ती 'दोन कार्डांचा वेग' म्हणून सांगतात. कार्डं दोन लागली त्याचं कारण एकेकाला मेमरी तीनच जीबी होती आणि नेटवर्क एकात मावत नव्हतं. म्हणून त्याने ते मधोमध चिरून अर्धं इकडे, अर्धं तिकडे ठेवलं. त्या पेपरमधलं नेटवर्कचं चित्र दोन माळ्यांचं दिसतं ते यामुळे. जागा पुरत नाही हे दुखणं या धंद्याच्या पहिल्या यशापासून सोबत आहे, आणि लॅपटॉपवर तर माझ्या अनुभवात बाकी सगळं दुय्यम.

त्याच वर्षी लॅपटॉपवाल्यांची अवस्था काय होती, ते एका प्रसिद्ध व्हिडिओत दिसतं. एनव्हिडियाने २०१० मध्ये ऑप्टिमस आणलं होतं. लॅपटॉपमध्ये इंटेलची ग्राफिक्स आणि एनव्हिडियाची चिप अशा दोन्ही, काम हलकं असेल तेव्हा इंटेलची आणि जड असेल तेव्हा एनव्हिडियाची, जेणेकरून बॅटरी टिकावी. विंडोजवर हे चाले. लिनक्सवर कंपनीने त्याचा आधारच दिला नाही. जून २०१२ मध्ये फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात एका बाईंनी लिनस टॉरव्हाल्ड्स यांना नेमकी हीच तक्रार ऐकवली: माझ्या ऑप्टिमस लॅपटॉपवर लिनक्स नीट चालत नाही. त्यावर लिनस यांनी कॅमेऱ्याकडे बघून एनव्हिडियाला मधलं बोट दाखवलं आणि जे बोलले ते इथे छापण्याजोगं नाही. त्या बोटाचे फोटो जगभर फिरले, प्रश्न विचारणाऱ्या बाईंचा लॅपटॉप कुणाच्या लक्षात राहिला नाही.

लोकांनी आपापली सोय केली. बंबलबी नावाचा एक स्वयंसेवी प्रकल्प निघाला, त्याने दुसरी चिप हवी तेव्हा जागी करता येऊ लागली. त्याच बंबलबीच्या इन्स्टॉल स्क्रिप्टमध्ये २०११ साली एक जागा चुकून जास्त पडली होती. पुसायचा होता एक लांबलचक पत्ता, पण 'यूएसआर'नंतर स्पेस पडल्यामुळे स्क्रिप्ट अख्खी यूएसआर डिरेक्टरी पुसून टाकायची. म्हणजे जवळपास सगळी सिस्टीमच. एका स्पेसची ही किंमत मी दरवर्षी नव्या मुलांना सांगते. नेटवरून उचललेली कमांड न वाचता सुडो लावून एंटर मारणं त्यानंतर निदान आठवडाभर थांबतं.

आमच्याकडे ही लाट पोचली २०१६ च्या सुमाराला, आणि ती पानांवरून आली. त्या वर्षी मोहंती, ह्यूज आणि सलाते यांचा प्लांटव्हिलेजवरचा पेपर प्रसिद्ध झाला: १४ पिकं, निरोगी आणि रोगट मिळून ३८ प्रकार, ५४ हजारांवर पानांचे फोटो, आणि ९९.३५ टक्के अचूकता. सगळा डेटा फुकट. महाराष्ट्रातल्या कृषी भागातल्या कुठल्याही इंजिनिअरिंग कॉलेजात जा, 'लीफ डिसीज डिटेक्शन' केलेला एक तरी ग्रुप दर वर्षी सापडेल. आमच्याकडे तर शेजारी तासगाव, पलीकडे मिरज आणि कवठेमहांकाळ. द्राक्षाशिवाय विषय नाही.

अडचण अशी की प्लांटव्हिलेजमध्ये द्राक्षाचे जे रोग आहेत ते ब्लॅक रॉट, एस्का आणि लीफ ब्लाइट. आमच्या बागायतदाराची झोप उडते ती डाऊनीने आणि भुरीने. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लागला की डाऊनी आली, थंडी पडली की भुरी. दोन्ही त्या डेटात द्राक्षाखाली नाहीतच. शिवाय तिथले फोटो एकेक पान तोडून साध्या पार्श्वभूमीवर ठेवून काढलेले. पेपरमध्येच प्रांजळपणे लिहिलंय की वेगळ्या परिस्थितीत काढलेले फोटो दिले तेव्हा अचूकता ३१ टक्क्यांच्या आसपास घसरली. मुलं तो परिच्छेद सोडून ९९ उचलतात.

एका ग्रुपमधल्या मुलाच्या घरची बाग होती. गाइड सर म्हणाले, डाऊनी घ्यायची तर फोटो तुम्ही काढा. पोरांनी भल्या पहाटे दव असताना पानं उलटून खालच्या बाजूची पांढरी बुरशी टिपली, दुपारी वरच्या बाजूचे तेलकट पिवळे डाग टिपले, आणि कुठल्या फोटोत काय आहे ते त्याच्या वडिलांनी सांगितलं. डेटा स्वतःचा, बाराशेच्या आत-बाहेर. एवढ्याशा डेटासाठी सर्व्हर कशाला, आपल्या लॅपटॉपवर होईल, असं सगळ्यांना वाटलं. डेटा मावतच होता. अडलं ते सेटअपला.

त्या काळातला सेटअप म्हणजे पत्रिका जुळवणं. टेन्सरफ्लो गूगलने नोव्हेंबर २०१५ मध्ये खुलं केलं. त्याची जी आवृत्ती घ्याल तिला कुडाची ठरावीकच आवृत्ती चाले, कुडाला कुडीएनएनची ठरावीक, तिला ड्रायव्हर अमुक क्रमांकाच्या वरचा, आणि पायथनही त्यांना पटेल असाच. जानेवारी २०१८ ला टेन्सरफ्लो १.५ आलं, त्याला कुडा ९.० हवं. पण तोवर एनव्हिडियाच्या साइटवर ९.१ आलेलं, डाउनलोडचं बटण दाबलं की तेच मिळे. मग इम्पोर्ट केल्यावर 'लिबक्युब्लास ९.० सापडत नाही' असा लाल अक्षरांत टाहो. ९.१ असताना ९.० का सापडत नाही, हे पोरांना पटवताना माझा घसा सुकायचा. जूनमध्ये पायथन ३.७ आलं. त्यात 'असिंक' हा शब्द भाषेने स्वतःसाठी राखून ठेवला आणि टेन्सरफ्लोच्या आत नेमकं त्याच नावाचं आर्ग्युमेंट होतं. परिणाम, नवाकोरा लॅपटॉप, नवंकोरं पायथन, आणि पहिल्या ओळीलाच सिंटॅक्स एरर, तोही आपण न लिहिलेल्या फाइलमध्ये. आणखी एक टोक म्हणजे जुने लॅपटॉप. टेन्सरफ्लो १.६ पासूनची तयार पॅकेजं नव्या प्रोसेसरांतल्या एव्हीएक्स सूचना गृहीत धरून बांधलेली. काकाचा किंवा दादाचा जुना लॅपटॉप वापरणाऱ्याच्या पडद्यावर 'इल्लीगल इन्स्ट्रक्शन' एवढंच उमटे आणि प्रोग्राम मरे. बेकायदा काय केलं, या विचाराने एक मुलगी खरंच घाबरली होती.

उबंटू टाकायचं तर तो वेगळाच सोहळा. आधीपासून असलेला नुव्हो हा ड्रायव्हर ब्लॅकलिस्ट करायचा, एनव्हिडियाचा टाकायचा, रीस्टार्ट मारायचा. सिक्युअर बूट चालू असेल तर मध्येच निळा पडदा येऊन चावी नोंदवायची का म्हणून विचारतो. घाईत 'कंटिन्यू'वर एंटर मारला की ड्रायव्हर लोडच होत नाही. आणि सगळं बरोबर करूनही कधी कधी लॉगिनचं वेड लागे: पासवर्ड टाकला, पडदा काळा झाला, पुन्हा पासवर्डच मागतोय. कंट्रोल-आल्ट-एफ३ दाबून काळ्या पडद्यावर जायचं, एनव्हिडियाचं जे काही असेल ते सगळं काढून टाकायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. एनव्हिडिया-एसएमआय ही कमांड दिल्यावर ती चौकट, तापमान आणि कार्डाचं नाव उमटलं की लॅबमध्ये टाळ्या पडायच्या. तोवर ट्रेनिंगचा पत्ताही नसायचा.

या सगळ्यातून सोडवणूक झाली ती एका अगदी नीरस गोष्टीने, पॅकेजिंगने. पायटॉर्च २०१७ च्या जानेवारीत लोकांसमोर आलं. त्याच्या तयार पॅकेजमध्ये कुडाच्या लागणाऱ्या लायब्रऱ्या आतच भरलेल्या असत. लॅपटॉपवर फक्त ड्रायव्हर हवा. जुळवाजुळव करणाऱ्यांनी ती करून डब्यात भरून दिली. पायटॉर्च संशोधकांत का जिंकलं यावर विद्वानांनी बरंच लिहिलंय, डायनॅमिक ग्राफ वगैरे. आमच्यासारख्या ठिकाणी ते जिंकलं कारण ते इन्स्टॉल होत होतं. डबा मात्र जड, पुढे पुढे दोन जीबीच्या घरात गेला. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं नसतं तर तो आमच्या पोरांच्या फोनमधून उतरलाच नसता. तरी मी सगळ्या फाइली एका पेनड्राइव्हवर ठेवते. त्या पेनड्राइव्हला मुलांनी नाव ठेवलंय 'प्रसाद'.

लॅपटॉप बदलत होते तेही सांगायला हवं. आधी सर्रास ९४०एमएक्स असायची, दोन जीबीची. व्हीजीजी-१६ हे त्या वेळचं आवडतं नेटवर्क १३.८ कोटी पॅरामीटरचं. अ‍ॅडम या नेहमीच्या पद्धतीने अख्खं ट्रेन करायचं तर प्रत्येक पॅरामीटरमागे सोळा बाइट लागतात: चार स्वतःचे, चार ग्रेडियंटचे, आठ अ‍ॅडमच्या दोन नोंदींचे. गुणाकार केला की सव्वादोन जीबी, फोटो अजून आत यायचाय! ऑगस्ट २०१६ मध्ये लॅपटॉपसाठी पास्कल पिढी आली, नावामागचा 'एम' गेला, आणि लॅपटॉपची चिप पहिल्यांदा डेस्कटॉपच्या खांद्याला खांदा लावू लागली. त्यामागोमाग १०५० टीआय आली चार जीबीची. ती घालून लाल चमकणाऱ्या कीबोर्डचे गेमिंग लॅपटॉप गावोगावच्या दुकानांत पोचले.

वडिलांना ते पटवणं हा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे. बागायतदाराचा हिशेब द्राक्षाच्या दरावर. एक गृहस्थ मुलाला घेऊन थेट लॅबमध्ये आले.

"बाई, दुकानदार म्हंतोय ह्यो गेमचा लॅपटॉप हाय. आन् पोरगं म्हंतंय अभ्यासाला पायजे. खरं कोन बोलतंय?"

म्हटलं, "दोघंही, दादा. चिप एकच आहे, दोन्ही कामं करते."

"मंग गेम बंद करून द्या आन् अभ्यासाचं चालू ठेवा."

मुलगा छताकडे बघत होता. लॅपटॉप घेतला त्यांनी, पण इंजिनिअरिंगच्या फीइतका पैसा एका मशीनवर टाकताना त्यांच्या मनात काय चाललं असेल ते मला कळत होतं. स्वस्तात डेस्कटॉप जोडावा असं दरवेळी कुणीतरी सुचवतं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणणारेही होते. पण २०१७ च्या अखेरीस आणि पुन्हा २०२१ ला क्रिप्टोवाल्यांनी कार्डं उचलून भाव आभाळाला नेले. आणि होस्टेलच्या खोलीत टेबल एक, प्लग एक, चौघं जण. लॅपटॉपच बरा.

ऑक्टोबर २०१७ मध्ये गूगलचं कोलॅब सगळ्यांना खुलं झालं आणि पुढे त्यात ब्राउझरमधून फुकट कार्डही मिळू लागलं. तेव्हापासून लॅपटॉपवर ट्रेनिंगची गरज संपली, असं मला एकदा एका पाहुण्या व्याख्यात्याने व्यासपीठावरून ऐकवलं. त्यांच्या गावी नेट पक्कं असावं. आमच्याकडे रात्री दोनला नेट गेलं की सत्र तुटलं, फाइली गेल्या, पुन्हा पहिल्या एपॉकपासून. शिवाय बागेतले कच्चे फोटो दरवेळी चढवायचे. पोरं कोलॅब वापरतात, मीही वापरायला सांगते. पण ज्या ग्रुपकडे स्वतःचं चालतं मशीन असतं तो ग्रुप जास्त खटपटी करून बघतो, हे मी दर वर्षी पाहते. मार्च २०२० ला लॉकडाउन लागला तेव्हा तर लॅब कुलपात, मुलं गावी, आणि जे काही होतं ते मांडीवर. पुण्यात सी-डॅकमध्ये त्याच वर्षी परम सिद्धी-एआय उभा राहिला, नोव्हेंबरच्या जागतिक यादीत ६३ वा आला. मला अभिमान वाटला. आमची पोरं त्या वेळी फोनवर 'मॅडम, कुडा आउट ऑफ मेमरी' एवढंच सांगत होती.

ते वाक्य कसं मिटवायचं, ही खरी विद्या. पहिला उपाय सगळ्यांचा: एका वेळी आत जाणाऱ्या फोटोंची बॅच बत्तीसची सोळा, सोळाची आठ, आठाची चार. मग ग्रेडियंट साठवून चार बॅचांचं एकदम पाऊल टाकायचं, म्हणजे हिशेबाला पुन्हा सोळाच. त्यानंतर तिआनची चेन आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये मांडलेली युक्ती: मधल्या थरांचे निकाल साठवायचेच नाहीत, परतीच्या वाटेवर लागतील तेव्हा पुन्हा काढायचे. वेळ थोडा जास्त, जागा पुष्कळ कमी. वेळ आमच्याकडे असतो, रात्र मोठी असते. मग निम्म्या आकाराचे आकडे. २०१७ च्या मिश्र अचूकतेच्या पेपरनंतर ही पद्धत रुळली आणि जुलै २०२० च्या पायटॉर्च १.६ मध्ये दोन-तीन ओळींत बसली. त्यातही गंमत म्हणजे ज्यांच्याकडे १६५० होती त्यांच्या लॉसच्या जागी अचानक 'नॅन' उमटायचं. त्या पिढीच्या स्वस्त कार्डांवर निम्मे आकडे सर्रास असा दगा द्यायचे. सोय बंद केली की ट्रेनिंग सुरळीत आणि मेमरी पुन्हा अपुरी.

चित्रांच्या कामात जागा खाते ती बॅच, भाषेच्या कामात खातं ते मॉडेलच. हे मला मराठीने शिकवलं. २०२१ मध्ये पुण्याच्या एलथ्रीक्यूब गटाने सोळा हजारांच्या आसपास मराठी ट्वीटचा महासेंट हा भावनांचा डेटा दिला, २०२२ मध्ये महाबर्ट हे मराठीचं भाषामॉडेल. आमच्या एका ग्रुपने बाजार समितीबद्दलच्या प्रतिक्रिया वर्गवार लावायचा विषय घेतला आणि महाबर्ट चार जीबीवर बसवायला निघाला. महाबर्ट गूगलच्या बहुभाषिक बर्टवर उभा आहे. त्या बर्टमध्ये १०४ भाषांचे एक लाख १९ हजारांवर शब्दतुकडे, आणि प्रत्येकामागे ७६८ आकडे. गुणाकार करा: नऊ कोटींहून जास्त पॅरामीटर नुसत्या त्या तक्त्यात, अख्ख्या मॉडेलच्या निम्म्याहून अधिक. म्हणजे मराठी वाक्याचा सूर ओळखण्यासाठी पोरांचं कार्ड फिनिश, कोरियन आणि जॉर्जियनचे ग्रेडियंट वाहत होतं. तो तक्ता गोठवला. त्याचे ग्रेडियंट आणि अ‍ॅडमच्या नोंदी मिळून जीबीभर जागा सुटली, आणि ट्रेनिंग चाललं. एक्स्टर्नलनी व्हायव्हात विचारलं, एम्बेडिंग का फ्रीझ केलं? पोरगी म्हणाली, "सर, बसत नव्हतं." मला वाटतं याहून खरं उत्तर त्या दिवशी कुणी दिलं नसेल.

पुढचं चटकन सांगते. २०२१ मध्ये लोरा आलं: मूळ मॉडेलला हात न लावता बाजूला छोट्या पट्ट्या शिकवायच्या. मे २०२३ मध्ये क्यूलोराने मूळ मॉडेलही चार-चार बिटांत दाबलं. सातशे कोटी पॅरामीटरचं मॉडेल अख्खं ट्रेन करायला सोळाच्या हिशेबाने ११२ जीबी लागतात, चार बिटांत त्याचं वजन साडेतीन. आठ जीबीचं कार्ड असलेल्या लॅपटॉपवर ते बसतं, बॅच एकची ठेवली तर. विंडोजवर टेन्सरफ्लोचा कार्डाचा थेट आधार २०२२ च्या २.१० नंतर थांबला, पण तोवर विंडोजच्या पोटात लिनक्स चालवायची सोय झाल्यामुळे आमचे ड्युअल बूट संपले. अ‍ॅपलच्या मशीनवर त्याच वर्षी पायटॉर्चला कार्ड वापरता येऊ लागलं. आमच्याकडे अ‍ॅपलवाले थोडेच, त्यांचा लॅपटॉप न भाजता कसा चालतो ते बघायला बाकीचे जमतात.

भाजण्याचं मात्र अजून तसंच आहे. रात्री ट्रेनिंग लावायचं तर झाकण उघडं, खाली दोन पुस्तकं, चार्जर लावलेलाच, कारण बॅटरीवर कार्ड स्वतःहून वेग उतरवतं. गादीवर ठेवायचा नाही. विंडोजचं अपडेट पुढे ढकलायचं, नाहीतर पहाटे रीस्टार्ट. दर एपॉकला चेकपॉइंट. एका मुलाचा पंखा वर्षाच्या आत खडखडायला लागला, सर्व्हिस सेंटरवाल्याने 'रात्रभर चालवला, वॉरंटी नाही' म्हणून परत पाठवला. वॉरंटीच्या कागदात रात्रीचा उल्लेख मला कुठे सापडला नाही. मीच उघडला, धूळ काढली, पेस्ट बदलली, तापमान चांगलं दहा अंशांनी उतरलं.

हल्ली नव्या लॅपटॉपवर एनपीयूचं स्टिकर असतं, आणि दुकानदार 'एआय लॅपटॉप' म्हणून जास्त पैसे मागतो. तो भाग तयार मॉडेल कमी विजेत चालवण्यासाठी, पायटॉर्चचं आपलं ट्रेनिंग त्यावर होत नाही. बघायचं ते कार्ड. २०२१ च्या ३०६० ला लॅपटॉपमध्ये सहा जीबी होते, २०२३ च्या ४०६० ला आठ, २०२५ च्या ५०६० लाही आठच. ती मेमरी बोर्डावर झाळलेली असते, नंतर वाढवता येत नाही. साधी रॅम वाढते, डिस्क वाढते. आणि एकाच नावाचं कार्ड एका लॅपटॉपमध्ये साठ वॅटवर चालतं, दुसऱ्यात एकशे पंधरावर. बॉक्सवर ते छापत नाहीत, दुकानात मशीन चालू करायला लावून विचारायचं.